खेळ कुणाचा

"चोराला चोर म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं, नाना?"

केरूनाना मठीच्या ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसले होते. आवाज आला त्या बाजूला त्यांनी तोंड तेवढं वळवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस उभा आहे इतकं कळायचं, त्याचा चेहरा दिसायचा नाही.

"सांगा ना."

"आदी बस. उभ्या उभ्या भांडू न्हाई."

पाहुण्याने खिशातला रुमाल काढला, ओटा झटकला आणि मग तो बसला. ओटा स्वच्छच होता. खाली येरळा नदीचं पात्र कोरडं पडलं होतं आणि त्यात बाभळीची झुडपं माजली होती. दुपार कलली होती, तरी उन्हाचा ताव कमी होत नव्हता.

पाहुणा म्हणजे जादूगार मुकुंदराज. हे नाव ऐकलं नाही असा माणूस या भागात मिळायचा नाही. गावोगावच्या भिंतींवर त्याचा फेटा आणि मिशा रंगवलेल्या असतात. नाना मात्र त्याला अजून मुकिंदाच म्हणत. नानांचा तंबू जत्राजत्रांतून फिरायचा तेव्हा हा ढोलकं वाजवायला म्हणून आला. मग शिष्य झाला, मग जावई झाला. नानांची मुलगी जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मुलगी गेल्यावर जावई हा जावईच राहतो की आणखी कुणी होतो, ते आपल्याकडे कुणी नीट ठरवलेलं नाही. हा वर्षाकाठी एकदा येई, फळांची करंडी ठेवी, आणि घड्याळ बघत निघून जाई.

आज त्याचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. आज तो रागात होता.

"कोन चोर?" नानांनी विचारलं.

"साताऱ्याचा तन्मय म्हणून एकजण आहे. काल-परवा मिसरूड फुटलंय. पाण्याचा दिवा करतो. भर रंगमंचावर. माझा खेळ, आणि माझं नावसुद्धा घेत नाही."

"बरा करतोय?"

"प्रश्न तो नाही, नाना."

"मी त्योच इचारला."

"...बरा करतो."

पाण्याचा दिवा हा खेळ असा. डाव्या तळव्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी. वाटीवर रुमाल. रुमाल उचलला की वाटी गेली, पाणी गेलं, आणि तळव्यावर पणती जळते आहे. रुमाल कोरडा ठणठणीत. बघणारा आधी हसतो आणि मग एकदम गप्प होतो. त्याची युक्ती मी इथे लिहिणार नाही. ज्याला हवी त्याने कुणाचे तरी पाय धरावेत.

"उद्या सांगलीला मेळावा आहे," मुकुंदराज म्हणाला. "झाडून सगळे जादूगार येणार. हा खेळ मुळात कुणाचा, त्याचा निकाल तिथे लागणार. ज्याचा ठरेल त्याचं नाव घेतल्याशिवाय यापुढे कुणी तो करायचा नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर. गाडी आहे. तिथे फक्त उभं राहायचं आणि सांगायचं, खेळ मुकिंदाचा. तुमच्या शब्दापुढे कुणी बोलणार नाही."

"तूच सांग की."

"आपल्यात आपलं नाव आपण घ्यायचं नसतं. तुमचीच शिकवण."

नाना हसले. हसू फार वेळ टिकलं नाही.

"हे बरं ध्यानात ऱ्हायलं तुझ्या."

नानांच्या तंबूत एक रीत होती. प्रत्येक खेळाआधी ढोलकं थांबायचं आणि ढोलकंवाला ओरडून विचारायचा, "खेळ कुणाचा?" करणारा कानाच्या पाळीला हात लावायचा, आणि ज्याने तो खेळ पहिल्यांदा रचला त्याचं नाव घ्यायचा. खेळ रामा बेलदाराचा. खेळ आमीनभाई कलईवाल्याचा. जत्रेतली माणसं शेंगा खात ती नावं ऐकायची आणि घरी जाईपर्यंत विसरायची. कोण रामा आणि कोण आमीनभाई, कुणाला काय त्याचं. तरी नाव घेतल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

काही खेळांची नावं हरवलेली असत. त्यांच्यासाठी काही न बोलता पाळीला हात लावून जरा थांबायचं, आणि मग सुरू करायचं. आणि खेळ स्वतःच रचलेला असला तर आपलं नाव आपण घ्यायचं नाही. ते विचारणाऱ्यानेच ओरडून सांगायचं.

मुकुंदराजच्या प्रयोगात यातलं काही उरलं नव्हतं. तिथे ढोलकं नव्हतं. धूर होता, रंगीत दिवे होते, कान फुटतील असं संगीत होतं. रीत त्याला एवढी एकच आठवत होती, आणि तीही आज कामाची होती म्हणून.

"पुरावा काय?" नाना म्हणाले. "त्यो म्हनंल, मला सुचलं. दोगांला एकच गोष्ट सुचती की कदी कदी."

"सुचते. नुसती युक्ती असती तर मीही तेच म्हटलं असतं." मुकुंदराज पुढे सरकला. हे तो घरून ठरवून आला होता. "पण त्याने माझी लकब उचलली, नाना. तिथे तो सापडला. वाटी गायब करताना मी डावं मनगट वळवत नाही. जगातला कुठलाही जादूगार त्या जागी मनगट वळवणारच, तळवा दाखवायला. मी नाही. मी मनगट ताठ ठेवतो, अख्खा हात खांद्यापासून खाली आणतो, आणि त्याच्याबरोबर मान थोडी झुकवतो. लोकांना वाटतं, नमस्कार करतोय. नजर तिकडे जाते, आणि तेवढ्यात काम होतं. तो तन्मय तस्संच करतो. मनगट ताठ, मान झुकलेली, सगळं. मी त्याला धरून विचारलं, असं का करतोस रे? तर म्हणतो, छान दिसतं म्हणून."

"मग?"

"मग काय? त्याला कारणच माहीत नाही. ज्याला कारण माहीत नाही, त्याचा खेळ कसा असेल?"



"खरं हाय," नाना म्हणाले. "ज्येला कारन म्हाईत न्हाई, त्येचा खेळ न्हवं."

"हेच उद्या सांगा."

"तुला म्हाईत हाय?"

"काय?"

"कारन."

 

"सवय आहे माझी," मुकुंदराज म्हणाला.

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

"सामान हाय गाडीत?"

"आहे."

"आन. करून दाव मला."

"तुम्हाला दिसणार नाही, नाना."

"न्हाई दिसनार. तू आन तर."

तो गाडीकडे गेला आणि लहान काळी पेटी घेऊन आला. रांजणातलं पाणी वाटीत घेतलं. फेटा नव्हता, दिवे नव्हते, तरी हातात वाटी येताच तो ताठ बसला. हात अजून सुंदर होते त्याचे. ते कुणीही कबूल करील.

"हं. बघा."

"थांब." नानांनी आपला हात पुढे केला आणि हवेत चाचपला. "डावं मनगट दे हिकडं."

"म्हणजे?"

"मी धरून बसतो. तू कर."

मुकुंदराजला हसू आलं. "मनगट धरल्यावर कुठला खेळ होतो, नाना? पत्ता फिरवायचा तरी मनगट लागतं. तुम्हीच मारायचात आम्हाला मनगटासाठी."

"व्हय. मारायचो."

"मग?"

"कर."

म्हाताऱ्याची बोटं वाळलेली होती, पण पकड पक्की होती. मुकुंदराजने डाव्या तळव्यावर वाटी ठेवली. वाटीवर रुमाल टाकला. मनगट नानांच्या मुठीत. त्याने हात खांद्यापासून खाली आणला. नानांचा हातही त्याच्याबरोबर खाली आला. मान झुकली.

त्याने रुमाल उचलला.

तळव्यावर पणती जळत होती. ओट्यावर पाण्याचा थेंब नव्हता.

मुकुंदराज त्या पणतीकडे बघत राहिला. हा खेळ त्याने इतक्या वेळा केला होता की त्याकडे बघायचंच तो विसरला होता. मनगट धरलेलं असताना कुठलाही खेळ होत नाही. हा झाला. कुठे अडला नाही, कुठे अडखळला नाही. जणू मनगट धरलेलं असणार, असं गृहीत धरूनच तो कुणीतरी रचला होता.

"झाला?" नानांनी विचारलं. ज्योतीची ऊब त्यांच्या बोटांना लागत होती.

"झाला."

नानांनी मनगट सोडलं नाही. अंगठ्याने ते हाडावरून चाचपत गेले, जिथे हात आणि पंजा जुळतो तिथे थांबले, आणि त्यांनी ते हळूच एकदा वळवलं. मग दुसऱ्या बाजूला वळवलं.

"वळतंय की तुझं," ते म्हणाले.

"...हो."

"सारजीचं वळत न्हवतं."

सारजा नानांची मुलगी. मुकुंदराजची बायको. लहानपणी तंबूच्या खांबावरून पडली, डावं मनगट मोडलं, आणि हाड जे वेडंवाकडं बसलं ते बसलंच. जादूगाराच्या घरात मनगट गेलं म्हणजे सगळंच गेलं. तिला ढोलकं झेपेना, पत्ते फिरेनात. पेटीत जाऊन बसायचं आणि तलवारी खुपसून झाल्या की हसत बाहेर यायचं, एवढंच काम तिला उरलं होतं. आत बसल्या बसल्या तिने एक खेळ रचला. न वळणाऱ्या हाताचा खेळ. पहिल्यांदा तिने तो करून दाखवला तेव्हा नाना तंबूमागे जाऊन रडले होते. आणि जत्रेत पहिल्यांदा झाला तेव्हा ढोलकं थांबवून मुकिंदानेच गळ्याच्या शिरा ताणून सांगितलं होतं, खेळ सारजाचा. पुढे ती काविळीने गेली.

"मी चौदा दिस पट्टी बांदून धरलेलं हे हाड," नाना म्हणाले. "तिचं. रातभर मुठीत धरून बसायचो, हालू नये म्हनून. न्हाई बसलं नीट... तुझं कुनी धरलेलं, मुकिंदा?"

मुकुंदराजने पणती खाली ठेवली. वारा नव्हता, ती जळत राहिली.

"मी विसरलो होतो," तो म्हणाला. "खेळ तिचा, हे नव्हतो विसरलो. एवढा नालायक नाही मी. पण मनगटाचं विसरलो. मी ते तिच्या हातावरून उचललं, जसं होतं तसं. ती असं का करते, ते मला रोज दिसायचं, नाना. रोज सकाळी मी तिची वेणी घालायचो. तिला मनगट वळवून पेड घालता यायचे नाहीत."

"व्हय."

"आणि आज मी तेच माझी लकब म्हणून सांगत होतो."

"सांगितलंस."

म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मुकुंदराजचं मनगट धरलेली मूठ अजून तशीच होती.

"मी घ्यायचो तिचं नाव," मुकुंदराज म्हणाला. आता त्याची शहरी भाषा ढिली पडायला लागली होती. "ती गेली त्या वरसाला घ्यायचो. पण खेळ सारजाचा म्हणायला गेलं की घसा धरायचा. एकदा कराडला तोंड उघडलं आणि आवाजच निघंना. माणसं समोर बसलेली. तवा नुसता पाळीला हात लावला. थांबलो. नाव हरवलेल्यांसाठी थांबतो तसा."

"तिचं नाव हरवलं न्हवतं."

"नव्हतं. पण तेवढं जमत होतं... मग दर खेपेला तसंच केलं. मग आमचा वाजवणारा म्हणाला, ही जागा रिकामी वाटते, हितं काहीतरी वाजवू."

"वाजीवलं."

"वाजवलं. मग माणसं विचारायला लागली, कुठून आणला हा खेळ? मी म्हणालो, घरचाच आहे. ते खोटं नव्हतं, नाना. मग कुणीतरी पेपरात छापलं, मुकुंदराज यांचा."

"खोडायचं हुतंस."

"नाही खोडलं."

पात्रातून कुणी शेरडं हाकत निघालं होतं. त्यांच्या ओरडण्याचा आवाज वर आला आणि लांब गेला.

"एक सांगू?" मुकुंदराज म्हणाला. "रागवा, पण ऐका. माझ्यापाशी दुसरं काय हाय? पेटीचा खेळ रामा बेलदाराचा. दोरीचा तुमचा. वाट्यांचा आमीनभाईचा. मी जन्मात एक खेळ रचला नाही. रचायला बसलो की कुणाचा तरी निघतो. माणसं मला बघायला येतात ती ह्या एका खेळापायी. उद्या उठून सांगितलं की हाही माझा नव्हं, तर मी कोण ऱ्हातो? ढोलकं वाजवणारा?"

"तिला त्योच पसंत पडला हुता," नाना म्हणाले.

मुकुंदराजने तोंड दुसरीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस, पण आवाज न करता रडायचं त्याला जमत नव्हतं. नाना थांबले. त्यांनी ना पाठीवरून हात फिरवला, ना गप्प हो म्हटलं.

पणतीतलं तेल संपत आलं तेव्हा मुकुंदराज सावरला. त्याने नाक पुसलं. पुन्हा शहरी झाला, किंवा तसा प्रयत्न त्याने केला.

"तुम्ही उद्या येणार नाही, हे कळलं मला."

"येतो की."

"...येता?"

"गाडी हाय म्हनलास. येतो."

"आणि काय सांगाल?"

"मी कशाला सांगू? माजं काम न्हवं ते. खेळ कुनाचा म्हनून तिथं इचारतील. नाव तू घे. मी शेजारी उभा ऱ्हातो आन् मान हालवतो."

"कुठल्या नावाला?"

"तू घेशील त्येला."

मुकुंदराज त्यांच्याकडे बघत राहिला. असं काही तो कल्पून आला नव्हता. नाना नाही म्हणतील, शाप देतील, फार तर आपण हातापाया पडल्यावर ते तयार होतील, एवढीच त्याची तयारी होती. हे त्याहून वाईट होतं.

"आणि मी..." तो अडला. मग त्याने ते बोलूनच टाकलं. "मी माझा म्हणालो तर?"

"तरी हालवीन."

"का?"

इतका वेळ मुठीत धरलेलं मनगट नानांनी सोडलं आणि तो हात त्याच्या मांडीवर नीट ठेवला.

"नाना, का?"

"तिची म्हनावी अशी दोनच मानसं हुती, मुकिंदा, तू आन् मी... तू तसं म्हनलास, की उद्यापासनं दोन्ही तुझी."